डेटा सेंटरला मे महिन्याचा हिशेब विचारा : इंदूरच्या कारभाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, इंदूर नगर निगम
मा. मुख्य कार्यपालन अधिकारी, इंदूर विकास प्राधिकरण
मा. व्यवस्थापकीय संचालक, पश्चिम क्षेत्र वीज वितरण कंपनी

विषय : कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभ्या राहणाऱ्या डेटा सेंटरांचे नकाशे मंजूर करताना पाणी, वीज, पाया आणि आग यांचा स्वतंत्र हिशेब मागण्याबाबत.

सन्माननीय महोदय,

आम्ही इंदुरात बांधकाम, वीज आणि शीतकरण या क्षेत्रांत काम करणारे अभियंते आहोत. या पत्राची हिंदी प्रत तिन्ही कार्यालयांना रीतसर देत आहोत. शहरातल्या मराठी घरांतही हा विषय पोचावा, म्हणून हे मराठीत.

डेटा सेंटर इंदुरात यावीत असेच आम्हाला वाटते. काचेच्या तंतूतून प्रकाशाला एक किलोमीटर जायला सुमारे ५ मायक्रोसेकंद लागतात. मुंबईपर्यंत ६०० किलोमीटर तार धरली, तरी जाऊन-येऊन ६ मिलिसेकंद होतात. कृत्रिम बुद्धिमत्तेची (एआयची) मोठी मॉडेल शिकवण्याच्या कामाला एवढ्याने काही फरक पडत नाही, त्याला समुद्रकिनारा लागत नाही. तेव्हा हे काम माळव्यात होऊ शकते. आमची काळजी एवढीच, की अशा इमारतीची फाइल आली की तिला आयटी पार्कचे मोजमाप लागते : चटई क्षेत्र किती, पार्किंग किती, माणसे किती, दर्शनी बाजू कशी. या इमारतीत माणसे पाच-पन्नास असतात आणि उष्णता एखाद्या कारखान्याची. केंद्र सरकारने २०२२ मध्ये ५ मेगावॅटपेक्षा मोठ्या डेटा सेंटरांना पायाभूत सुविधेचा दर्जा दिला. नकाशा तपासतानाही त्यांना उपकेंद्र किंवा जलशुद्धीकरण केंद्रासारखेच तपासावे, ही आमची विनंती आहे.

असे मोजमाप का लागते, ते एका कपाटावरून कळेल. जुन्या पद्धतीच्या सर्व्हरचे रॅक, म्हणजे कपाट, ५ ते १० किलोवॅट वीज घेत असे. एनव्हिडिया या चिप कंपनीचे जीबी२०० वर्गातले ७२ जीपीयूंचे (एआयचे गणित करणाऱ्या चिपचे) रॅक सुमारे १२० किलोवॅट घेते. ६० सेंटिमीटर रुंदीचे कपाट, आणि दीड-दोन किलोवॅटचे साठ-सत्तर गीझर त्यात अखंड चालू आहेत असे समजा. ही उष्णता हवेने काढायची झाली, तर हवा १२ अंशांनी तापू दिली तरी किलोवॅटमागे ताशी सुमारे २७० घनमीटर हवा लागते. इंदूर साडेपाचशे मीटर उंचीवर असल्याने इथली हवा किंचित विरळ आहे, तेही यात धरले आहे. १२० किलोवॅटला ताशी ३२ हजार घनमीटर झाले. रॅकच्या दारातून एवढी हवा ढकलायची तर तिचा वेग सेकंदाला सात मीटरच्या पुढे जातो. असा वारा कपाटातून वाहवणे व्यवहारात बसत नाही. पाणी १० अंशांनी तापू दिले, तर तेच काम मिनिटाला १७० लिटर पाण्यात होते. म्हणून नव्या इमारतीत पाणी थेट चिपच्या डोक्यावर बसवलेल्या तांब्याच्या कोल्ड प्लेटपर्यंत जाते, आणि म्हणून इमारतीचा सगळा सांगाडा बदलतो.

बिघाड कुठे होतो तेही सांगतो, कारण कोणत्याही अर्जात हे लिहिलेले नसते. कोल्ड प्लेटमधल्या खाचा केसाच्या जाडीच्या असतात. पाइप जोडताना आत राहिलेला वेल्डिंगचा कण, आट्यांवर गुंडाळलेल्या टेपचा धागा, गंजाची पापडी, यांतले काहीही तिथे जाऊन बसते. मग एकाच प्लेटमधला प्रवाह घटतो, ती चिप तापते आणि स्वतःचा वेग कमी करते. हजारो चिप एकमेकींची वाट पाहत चालत असल्याने सगळे काम मंदावते. त्यासाठी रॅककडच्या बाजूला स्टेनलेस स्टीलचेच पाइप हवेत, ५० मायक्रॉन किंवा त्याहून बारीक गाळण हवी आणि रॅक जोडण्याआधी पूर्ण वेगाने फ्लशिंग हवे. पाण्याच्या एकाच चक्रात तांबे आणि ॲल्युमिनियम एकत्र आले की ॲल्युमिनियम खाल्ले जाते. या पाण्यात सहसा २५ टक्के प्रॉपिलिन ग्लायकॉल असते. पातळी खाली गेली म्हणून कोणी नळाचे पाणी भरले की दोन गोष्टी होतात : क्षार बसतात, आणि ग्लायकॉलचे प्रमाण २० टक्क्यांच्या खाली उतरले की ते जिवाणूंची वाढ रोखण्याऐवजी त्यांचे खाद्य होते. मग आठवडाभरात गाळणीवर बुळबुळीत थर दिसतो.

दुसरी गोष्ट वेळेची. हवेवर चालणाऱ्या खोलीत वातानुकूलन बंद पडले तर काही मिनिटे हातात असतात. इथे रॅक आणि त्याच्या वाटणीच्या पाइपांत मिळून ६० लिटर द्रव असेल, तर पंप थांबताच त्याचे तापमान सेकंदाला अर्ध्या अंशाने चढते. अर्ध्या मिनिटात १५ अंश. डीजी सेट (डिझेल जनरेटर) सुरू होऊन भार घेईपर्यंत तेवढा वेळ सहज जातो, आणि चिलर (पाणी थंड करणारी यंत्रे) पुन्हा पूर्ण जोमात यायला काही मिनिटे लागतात. तेव्हा फिरते पंप यूपीएसवर आहेत का, आणि थंड पाण्याची राखीव टाकी किती मोठी आहे, हे दोन प्रश्न नकाशावरच विचारले पाहिजेत. २० मेगावॅटच्या केंद्राला पाच मिनिटांची मुभा हवी असेल आणि पाणी १० अंशांनी तापलेले चालणार असेल, तर टाकी १ लाख ४३ हजार लिटरची लागते. एवढ्या टाकीला स्वतःचा पाया लागतो. ती मागाहून कुठेतरी कोपऱ्यात बसवता येत नाही.

आता पाण्याकडे येतो. या शहरात हाच सगळ्यात नाजूक मुद्दा आहे.

इंदूरचे बहुतेक पिण्याचे पाणी नर्मदेवरच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटर लांबून, विंध्याचा घाट चढून येते. एक हजार लिटर पाणी ५०० मीटर चढवायला, पंपांची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर जवळपास २ युनिट वीज लागते. हे वीजबिल हलके व्हावे म्हणून निगमाने २०२३ मध्ये २४४ कोटींचे हरित रोखे काढून ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प हाती घेतला. असे पाणी कूलिंग टॉवरमधून वाफ करून उडवायचे का, हा प्रश्न आहे. आकडा असा. एक युनिट विजेएवढी उष्णता बाष्पीभवनाने काढायला दीड लिटर पाणी उडते. उरलेल्या पाण्यात क्षार साचतात, म्हणून त्यातले काही सोडून द्यावे लागते. क्षार पाचपट होऊ दिले तरी एकूण खर्च युनिटमागे १.८ ते १.९ लिटर येतो. २० मेगावॅटच्या केंद्राला दिवसाला नऊ लाख लिटरच्या आसपास, म्हणजे माणशी १३५ लिटरच्या हिशेबाने साडेसहा हजार माणसांचे पाणी, वर्षभर.

बोअरवेलचा पर्याय कोणी पुढे करील. माळव्याच्या काळ्या पाषाणातल्या पाण्यात सिलिका असते. लिटरला ४० मिलिग्रॅम असेल आणि टॉवरची मर्यादा १५० धरली, तर पाणी चारपटही दाटवता येत नाही आणि जास्त सोडून द्यावे लागते. सिलिकाचा थर एकदा बसला की साध्या आम्लाने निघत नाही. शिवाय भूजल खाली जाते ते वेगळेच.

आमच्या मते मार्ग ड्राय कूलरचा आहे, आणि तो माळव्याच्या हवेला साजेसा आहे. कोल्ड प्लेटला ४० अंशांचे पाणी चालते. ड्राय कूलर म्हणजे मोठा रेडिएटर, तो बाहेरच्या हवेपेक्षा साधारण ७ अंश वर असलेले पाणी देतो. म्हणजे बाहेर ३३ अंश असेपर्यंत पाण्याचा थेंब न उडवता काम चालते. शब-ए-मालवाचे कौतुक आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकतो. ती थंडगार रात्र या यंत्रांना फुकट मिळणारी सोय आहे. अडचण उन्हाळी दुपारची, पारा ४२-४३ वर जातो तेव्हाची. ढोबळ हिशेब करा : ९० दिवस, रोज ९ तास, म्हणजे ८१० तास. वर्षाच्या ८,७६० तासांचा हा दहावा भागही नाही. तेवढ्या वेळेपुरते ओल्या पॅडमधून हवा आत घ्यायची. मेमधली हवा इतकी कोरडी असते की पॅड भरपूर गारवा देतात. पाणी वर्षाला ३२ कोटी लिटरऐवजी फार तर ३ कोटींवर येते. पण नेमक्या त्याच दिवसांत शहरात टँकर फिरत असतात, म्हणून हे ३ कोटी लिटरही नर्मदेचे नसावेत.

ते सांडपाण्याचे असावेत. इंदूर २०२१ मध्ये देशातले पहिले वॉटर प्लस (सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय बाहेर न सोडणारे) शहर ठरले, शुद्ध केलेले सांडपाणी आपल्याकडे आहे. कबीटखेडीच्या केंद्रातून अशा पाण्याची स्वतंत्र वाहिनी ओढता येईल अशीच जागा डेटा सेंटरला द्यावी. सुपर कॉरिडॉरवर इमारत शोभून दिसते म्हणून तिथे नको. सिरपूर आणि यशवंत सागर ही २०२२ पासून रामसर स्थळे, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागा आहेत, त्यांच्या पाणलोटात तर मुळीच नको. मात्र केंद्रातून येणारे पाणी जसेच्या तसे वापरता येत नाही. त्यातला अमोनिया तांब्याला आणि पितळेला खातो, फॉस्फेटने थर बसतो, आणि फवाऱ्यातून न्यूमोनिया करणारे लिजनेलासारखे जिवाणू हवेत जाण्याचा धोका असतो. अल्ट्राफिल्ट्रेशन (अतिसूक्ष्म गाळण), गरजेपुरते आरओ आणि सतत निर्जंतुकीकरण ही तिन्ही कामे अर्जदाराने आपल्या आवारात, आपल्या खर्चाने करावीत. हे पाणी थेट पंख्यांसमोरच्या जाळीवर फवारू देऊ नये, पॅडवरच सोडावे. जाळीवर पडलेले पाणी सुकले की पांढरा थर बसतो आणि दोन हंगामांत जाळी निकामी होते.

ड्राय कूलरच्या बाबतीत आणखी दोन चुका हमखास होतात. एक, छत चांगले दिसावे म्हणून आर्किटेक्ट चारी बाजूंनी उंच कठडा घालतात. मग वर फेकलेली गरम हवा वळून पुन्हा आत येते आणि यंत्राला बाहेरच्यापेक्षा ३-४ अंश जास्त तापलेली हवा मिळते. मेच्या दुपारी ते ३-४ अंशच भारी पडतात. म्हणून हवेच्या प्रवाहाचा संगणकी अभ्यास नकाशाला जोडलेला असावा, तोही वाऱ्याच्या किमान चार दिशा धरून. दुसरी चूक साफसफाईची. मार्च-एप्रिलमध्ये गव्हाचा आणि पावसाळा संपताच सोयाबीनचा भुसा शहराच्या कडेने हवेत तरंगतो. तो जाळीच्या पात्यांत कापसासारखा चिकटतो. बाहेरून जाळी स्वच्छ दिसते, आतल्या थरात मात्र गादी तयार झालेली असते. प्रत्येक यंत्राभोवती माणूस पाण्याचा पाइप घेऊन उभा राहू शकेल एवढी वाट नकाशात दाखवलेली हवी. ती सोडलेली नसेल तर पहिल्या वर्षानंतर सफाई होत नाही.

रॅकची सगळी उष्णता पाण्यातून जात नाही हेही ध्यानात असू द्यावे. १५ ते २० टक्के भाग मेमरी, नेटवर्क आणि पॉवर सप्लाय यांच्याकडून खोलीतल्या हवेत येतोच. त्यासाठी छोटे चिलर लागतात. ‘आमचे केंद्र पूर्ण चिलरमुक्त आहे’ असे कोणी लिहून दिले, तर हा २० टक्क्यांचा हिशेब मागावा.

पीयूई या आकड्यावर सगळी चर्चा होते. एकूण वीज भागिले संगणकाची वीज, एवढाच तो. पाणी उडवून पीयूई खाली आणता येतो, त्यामुळे युनिटमागे किती लिटर, हा आकडा शेजारी असल्याशिवाय पीयूई स्वीकारू नये. आणि वर्षाची सरासरी घेऊ नये. मे महिन्यातल्या दुपारी तीन वाजताचा पीयूई, त्या वेळचे पाणी आणि त्या वेळी ग्रिडकडून ओढली जाणारी वीज, हे तीन आकडे एकाच ओळीत मागावेत.

इमारतीचा पाया. जीबी२०० वर्गातल्या एका रॅकचे वजन १,३६० किलोच्या आसपास असते आणि ते पाऊण चौरस मीटरवर उभे राहते. पुढची-मागची वाट धरून सरासरी काढली तरी चौरस मीटरला नऊशे किलोच्या वर जाते. ऑफिसच्या मजल्याला आयएस ८७५ हे भारतीय मानक अडीचशे ते चारशे किलो धरते. म्हणून रिकाम्या आयटी इमारतीत एआयचे केंद्र टाकण्याच्या परवानग्या तपासून द्याव्यात. नुसता मजला तपासून भागत नाही. रॅक ज्या लिफ्टमधून, ज्या उंबऱ्यावरून आणि ज्या पॅसेजमधून चाकांवर जाणार, त्या सगळ्या वाटेची ताकद बघावी लागते. वरच्या स्लॅबला टांगलेला ३०० मिलिमीटर व्यासाचा पाण्याने भरलेला पाइप मीटरला दीडशे किलो भरतो, हेही बऱ्याचदा हिशेबात राहून जाते. जड रॅक तळमजल्यावर, जमिनीवर टेकलेल्या स्लॅबवर ठेवणे सगळ्यात चांगले.

मात्र त्या जमिनीतही आपली काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. माती काढून मुरूम किंवा पाषाण लागेपर्यंत जावे, नाहीतर अंडर-रीम्ड पाइल (तळाशी फुगीर केलेले जमिनीतले खांब) घ्यावेत, हे इथला प्रत्येक कंत्राटदार जाणतो आणि इमारतीपुरते करतोही. चुकते ते बाहेर. इमारत पाषाणावर, आणि बाहेरची टाकी, ड्राय कूलरचे चौथरे व पाइपांचे चर काळ्या मातीवर. दोन पावसाळ्यांत चौथरा २०-२५ मिलिमीटर हलतो आणि भिंतीतून आत जाणाऱ्या पाइपचा जोड तडकतो. आत-बाहेरचा पाया एकाच थरावर न्यावा, आणि जिथे पाइप भिंत ओलांडतो तिथे लवचीक जोड असावा. अर्थिंगचीही तीच गत. ओल्या काळ्या मातीत अर्थ पिटचे माप छान येते, आणि मापन नेमके पावसाळ्यानंतर होते. मेमध्ये माती इलेक्ट्रोडपासून सुटून फट पडते, खालचा पाषाण वीज वाहू देत नाही, रोध कितीतरी पटींनी वाढतो. वळवाच्या विजा कडाडतात त्याच दिवसांत. अर्थिंगचे माप मेमध्येच घ्यावे.

वीज कंपनीला आमचे सांगणे असे. २० मेगावॅटच्या केंद्राला इतर खर्च धरून सुमारे २७ मेगावॅट लागतील. ३३ केव्हीवर हे पाचशे अँपिअरच्या जवळ जाते. १३२ केव्हीवर, स्वतंत्र उपकेंद्रासह आणि दोन वेगळ्या उपकेंद्रांतून जोडणी द्यावी. हा भार कारखान्याच्या भारासारखा स्थिर नसतो. मॉडेल शिकवताना हजारो जीपीयू एकाच क्षणी गणित करतात आणि एकाच क्षणी निकालांची देवाणघेवाण करायला थांबतात. त्या तालावर सेकंदाच्या आत भार काही मेगावॅट खाली-वर होऊ शकतो. शेजारच्या फीडरवरचे (वीजवाहिनीवरचे) दिवे मिणमिणतात, डीजी सेटचा वेग सांभाळणारा गव्हर्नर गोंधळतो. रॅकमधली साठवण, बॅटरी किंवा सॉफ्टवेअर यांनी हा चढउतार किती बसवणार, याची मर्यादा करारातच लिहावी.

उलटा धोका अधिक मोठा आहे. १० जुलै २०२४ ला अमेरिकेत उत्तर व्हर्जिनियात २३० केव्ही वाहिनीवरचा लाइटनिंग अरेस्टर (कडाडणाऱ्या विजेपासून वाचवणारे साधन) बिघडला. वाहिनी आपोआप पुन्हा पुन्हा जोडली जात राहिली आणि दर वेळी व्होल्टेज क्षणभर खाली गेले. अनेक यूपीएसमध्ये असे ठरवलेले होते, की मिनिटात तीन वेळा व्होल्टेज पडले तर बॅटरीवर जायचे आणि माणसाने सांगितल्याशिवाय परत यायचे नाही. सुमारे १,५०० मेगावॅट भार एका दमात ग्रिडवरून नाहीसा झाला. आपल्याकडे वळवाच्या दिवसांत फीडर किती वेळा असा झटका खातो, हे वितरण कंपनीला आमच्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. यूपीएसची ही सेटिंग जोडणी देण्याआधी पाहण्याचा अधिकार तिने आपल्याकडे ठेवावा.

राखीव विजेसाठी युनिटमागे पाव लिटर डिझेल जळते. २७ मेगावॅटला तासाला पावणेसात हजार लिटर, ४८ तासांचा साठा ठेवला तर सव्वातीन लाख लिटर. पेसो या केंद्राच्या स्फोटक-सुरक्षा संस्थेचा परवाना, टाक्यांमधली अंतरे आणि टँकर वळवायची जागा हे सगळे त्या नकाशातच दिसले पाहिजे.

आग. २६ सप्टेंबर २०२५ ला दक्षिण कोरियात डेजॉन इथल्या सरकारी डेटा सेंटरमध्ये लिथियम बॅटऱ्या हलवताना आग लागली आणि सहाशेहून अधिक शासकीय सेवा बंद पडल्या. बॅटऱ्या सर्व्हरच्या शेजारीच होत्या. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला अख्खी इमारत जळाली. तिथे आपोआप आग विझवण्याची यंत्रणा नव्हती आणि सगळी वीज एका ठिकाणाहून तोडायची सोयही नव्हती. आपला राजवाडा तीनदा जळाला, शेवटचा १९८४ मध्ये. आग एका मजल्यावरून दुसऱ्यावर कशी चढते, हे या शहराला शिकवायला नको. लिथियम बॅटऱ्या वेगळ्या इमारतीत, निदान दोन तास आग रोखणाऱ्या भिंतीपलीकडे ठेवणे सक्तीचे करावे. सर्व्हरच्या खोलीत आग विझवायला चालणारा स्वच्छ वायू पेटलेल्या लिथियम सेलला थंड करत नाही, ज्वाळा विझली तरी आतली प्रक्रिया चालूच राहते. तिथे भरपूर पाणी लागते. बंद खोलीत साचणारा ज्वालाग्राही वायू बाहेर काढायचा मार्ग लागतो, आणि विझवलेले दूषित पाणी नाल्यात जाऊ नये म्हणून खड्डाही लागतो. मुख्य वीज तोडायचा स्विच बाहेरच्या फाटकापाशी असावा, आणि अग्निशमन दलाच्या जवानांनी तो वर्षातून एकदा स्वतः पाहावा.

आवाजाबद्दल थोडेच. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे आणि हे पंखे रात्री थांबत नाहीत. मोजमाप केंद्राच्या कुंपणावर आणि सर्वात जवळच्या घराच्या खिडकीशी, दोन्हीकडे व्हावे.

शेवटची विनंती भोगवटा प्रमाणपत्राबाबत. सर्व्हर येण्याआधी लोड बँक लावून, म्हणजे नुसते हीटर आणि पाण्याने थंड होणारे कृत्रिम भार जोडून, पूर्ण क्षमतेने चाचणी घेता येते. ती सलग २४ तास व्हावी. त्यात ग्रिडची वीज एकदा सूचना न देता तोडावी, एक पंप बंद करावा, एक ड्राय कूलर बाजूला काढावा. बाहेरचे तापमान, पाण्याचा मीटर आणि कोल्ड प्लेटकडे जाणाऱ्या पाण्याचे तापमान दर मिनिटाला नोंदवलेले असावे आणि ती नोंद निगमाच्या संकेतस्थळावर ठेवावी. इमारत डिसेंबरात तयार झाली, तर प्रमाणपत्र तात्पुरते द्यावे, आणि १५ एप्रिल ते १५ जून या काळात पारा ४० च्या वर असलेल्या दिवशी हीच चाचणी पुन्हा झाल्यावर ते कायम करावे. या चाचण्यांच्या वेळी निगमाला किंवा वितरण कंपनीला तांत्रिक मदत लागली, तर आम्ही विनामूल्य हजर राहू.

कळावे,

आपले विनम्र,
इंदूरमधील काही बांधकाम, विद्युत आणि शीतकरण अभियंते